सुटून पुन्हा जुळणारे बंध : कार्बॉक्सिलयुक्त कृत्रिम रबराची प्रस्तावना

नायट्राइल रबर कार्बन ब्लॅक न घालता, नुसतं गंधकाने क्युअर करून ताणलं, तर त्याची पट्टी दोन-चार मेगापास्कलच्या ताणाला तुटते. याच रबराच्या साखळीत शंभरात सहा-सात भाग मेथॅक्रिलिक आम्ल गुंफलं आणि मिक्सिंगच्या शेवटी थोडं झिंक ऑक्साइड घातलं, की कार्बन ब्लॅकचा कणही नसताना तीच पट्टी २० मेगापास्कल सहज ओलांडते. एवढी ताकद फिलरशिवाय दाखवणारं रबर म्हणजे नैसर्गिक रबर, आणि त्याच्या पंगतीला बसणारी कृत्रिम रबरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पण या पट्टीला वजन टांगून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी ती लांबलेली दिसते. १०० अंश सेल्सिअसला ताणली तर तिची बरीचशी ताकद ओसरलेली असते. याच रबराची चकती दाबून ठेवून सोडली तर ती पुरती वर येत नाही. ही ताकद आणि हा दुबळेपणा, दोन्हींचं मूळ एकच आहे. ते मूळ नीट समजून घेणं हा या पुस्तकाचा विषय आहे.

हे पुस्तक लिहिताना माझ्यासमोर दोन वाचक होते. एक, पॉलिमर किंवा रबर तंत्रज्ञानाचा विद्यार्थी, ज्याला क्रॉसलिंक म्हणजे गंधकाचा पूल एवढंच शिकवलेलं असतं. दुसरा, भोसरी किंवा वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतीत ऑइल सील, गॅस्केट, रोलर बनवणाऱ्या कारखान्यातला कंपाउंडर. त्याच्या हाताखालून नायट्राइल वर्षानुवर्षं जातं, पण कार्बॉक्सिलयुक्त, म्हणजे साखळीत आम्लगट गुंफलेल्या, नायट्राइलचा पहिला बॅच मिलच्या रोलला चिकटून बसतो, दुसरा शीट काढतानाच जळतो, आणि मग हे रबर अवघड म्हणून बाजूला ठेवलं जातं. हे रबर अवघड नाही. त्याची रसायनं वेगळ्या क्रमाने आणि वेगळ्या वेगाने काम करतात, आणि तो क्रम सांगणारा मजकूर मराठीत मिळत नाही याची मला मनापासून खंत वाटत आली आहे.

आधी साध्या रबराबद्दल. रबराच्या लांब साखळ्या एकमेकींवरून घसरू नयेत म्हणून त्यांना आडव्या बंधांनी जोडावं लागतं. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधक आणि उष्णतेने हे घडतं असं पाहिलं, १८४४ मध्ये अमेरिकन पेटंट घेतलं. इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉक त्याच सुमारास त्याच वाटेवर होता. साखळ्यांत नेमकं काय होतं ते कळायला पुढे जवळजवळ शंभर वर्षं गेली. आता आपल्याला माहीत आहे की रबराचा मॉड्युलस आडव्या बंधांच्या दाटीनुसार वाढतो. बंध दुप्पट करा, ठरावीक लांबीपर्यंत ताणायला लागणारं बल साधारण दुप्पट होतं. ताकदीचं मात्र तसं नाही. बंध वाढवत गेलं तर टेन्साइल आधी चढते, एका शिखरावर पोहोचते आणि मग घसरते. याचं कारण असं की जाळ्यातल्या साखळ्या सारख्या लांबीच्या नसतात. ताणल्यावर आखूड साखळी आधी ताठ होते आणि तुटते. तिचा भार शेजारणीवर येतो, तीही तुटते, आणि बघता बघता चीर पट्टीभर पसरते. बंध जितके दाट आणि पक्के, तितकी भार वाटून घेण्याची मोकळीक कमी.

नैसर्गिक रबर यातून सुटतं, कारण त्याच्या साखळ्या एकसारख्या घडणीच्या असतात. खूप ताणल्यावर त्या समांतर येऊन स्फटिक बनवतात, आणि चिरेच्या टोकाशी, जिथे ताण सर्वांत जास्त असतो, तिथेच हे स्फटिक तिला अडवतात. नायट्राइल आणि स्टायरीन-ब्युटाडाइन रबरांत दोन वेगवेगळे घटक साखळीत वेडेवाकडे विखुरलेले असतात, त्यामुळे त्यांना स्फटिक बनवता येत नाहीत. म्हणून त्यांना कार्बन ब्लॅक किंवा सिलिकाची मदत लागते. कार्बॉक्सिलयुक्त रबराने हा पेच तिसऱ्याच मार्गाने सोडवला.

पेच सोडवण्याआधी एक जुनं निरीक्षण ध्यानात घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पेरॉक्साइडने क्युअर केलेल्या रबरात कार्बन-कार्बन बंध असतात, म्हणजे सर्वांत पक्के. गंधक कमी आणि अॅक्सिलरेटर जास्त वापरला तर एकेका गंधक अणूचे बंध येतात. गंधक जास्त वापरलं तर अनेक गंधक अणूंच्या लांब साखळ्यांचे, तुलनेने कमजोर बंध येतात. टेन्साइलचा क्रम मात्र बरोब्बर उलटा लागतो. सर्वांत पक्के बंध असलेलं रबर सर्वांत लवकर तुटतं, कमजोर बंधांचं रबर जास्त ताण सोसतं. कार्बॉक्सिल आणि धातूच्या आयनांतले बंध या रांगेत सर्वांत सैल, आणि ताकद सर्वांत वर. रस्सीखेचीत दोर हातातून थोडा सरकतो, खेळाडू पुढे पुन्हा पकडतो, म्हणून संघ टिकतो. दोर मनगटाला गाठ मारून बांधला असता तर मनगटच मोडलं असतं. आयनिक बंध हेच करतात. आखूड साखळी ताठ झाली की ती तुटायच्या आधी तिचा बंध सुटतो, साखळी थोडी सरकते, दुसऱ्या आयनाशी जुळते, आणि तिच्यावरचा भार शेजारच्या अनेक साखळ्यांत वाटला जातो. प्रत्येक सुटण्या-जुळण्यात ऊर्जा उष्णतेच्या रूपाने खर्च होते. जी ऊर्जा चीर पुढे नेण्यात गेली असती, ती अशी वाटेतच जिरते.

ही कल्पना कुठून आली? नायट्राइल रबर जर्मनीत १९३० च्या दशकात आय. जी. फार्बेनच्या प्रयोगशाळांतून आलं आणि आधी बुना-एन, मग पेरबुनान या नावांनी बाजारात उतरलं. साखळीत आम्लाचे गट गुंफता येतील हा विचारही त्याच काळातला. पण त्यांचं काय करायचं ते नीट मांडलं गेलं १९५० च्या दशकात. अमेरिकेत बी. एफ. गुडरिच कंपनीत हॅरॉल्ड पी. ब्राऊन यांनी ब्युटाडाइन आणि असंतृप्त आम्लांची रबरं बनवून ती धातूंच्या ऑक्साइडने क्युअर केली. त्यांचा आणि गिब्ज यांचा लेख १९५५ मध्ये आला, आणि १९५७ मध्ये ब्राऊन यांनी ‘रबर केमिस्ट्री अँड टेक्नॉलॉजी’मध्ये या साऱ्या रबरांचा विस्तृत आढावा घेतला. त्याच दशकात सोव्हिएत संघात बोरिस दोल्गोप्लोस्क आणि त्यांचे सहकारी कार्बॉक्सिलयुक्त रबरांवर स्वतंत्रपणे काम करत होते, आणि ब्रिटनमध्ये डब्ल्यू. कूपर यांचा लेख १९५८ मध्ये आला. तीन देशांत, एकाच दशकात, जवळपास एकच गोष्ट सापडली. विज्ञानात हे नेहमी घडतं, पण इथे त्याचं कारण स्पष्ट दिसतं. युद्धकाळात कृत्रिम रबर प्रचंड प्रमाणात बनवायला शिकून झालं होतं, आणि आता त्या रबराची ताकद वाढवायची निकड सगळ्यांनाच होती.

रसायन कागदावर सोपं आहे. आम्लाचे दोन गट आणि झिंक ऑक्साइडचा एक रेणू यांच्यापासून झिंकचं लवण बनतं आणि पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. १०० भाग रबरात ७ भाग मेथॅक्रिलिक आम्ल असेल, तर आम्लाचा रेणुभार ८६ आणि झिंक ऑक्साइडचा ८१.४ धरून हिशेब केला की साधारण ३.३ भाग झिंक ऑक्साइड पुरायला हवं. प्रत्यक्षात उत्तम गुणधर्मांसाठी याहून जास्त लागतं, बऱ्याचदा दुपटीच्या आसपास. क्रिया झिंक ऑक्साइडच्या कणाच्या पृष्ठभागावर होते, घट्ट रबरात आम्लगटांना तिथवर पोहोचायला वेळ लागतो, आणि प्रत्येक झिंक अणू दोन आम्लगटांना जोडेलच असं नाही. म्हणून कणांचा आकार आणि त्यांचा पृष्ठभाग याला इथे नेहमीच्या गंधकी क्युअरिंगपेक्षा कितीतरी जास्त महत्त्व येतं. पोलंडमधल्या वुच शहराच्या तंत्र विद्यापीठात प्शिबिशेव्स्का आणि झाबोर्स्की यांनी नॅनो झिंक ऑक्साइडच्या वेगवेगळ्या आकारांच्या कणांनी कार्बॉक्सिलयुक्त नायट्राइल क्युअर करून पाहिलं, त्यामागे हाच विचार होता. जलचरांना झिंक ऑक्साइड अपायकारक आहे, तेव्हा कमीत कमी झिंकमध्ये काम भागवण्याला आता वेगळंच महत्त्व आलं आहे.

पण नुसत्या जोड्यांनी एवढी ताकद येत नाही. माझ्या मते या विषयातलं सर्वांत सुंदर काम मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या आदी आयझेनबर्ग यांचं. १९७० मध्ये त्यांनी मांडलं की पॉलिमरच्या अध्रुवीय परिसरात आयनांच्या जोड्या एकट्या राहू शकत नाहीत. त्या एकमेकींना ओढतात आणि काही जोड्यांचा एक पुंजका बनतो. साखळ्या त्या पुंजक्यात अडकलेल्या असल्यामुळे तो फार मोठा होऊ शकत नाही, कारण साखळीलाही जागा लागते. असे पुंजके जवळ आले की त्यांचे झुबके होतात. पुढे १९९० मध्ये हर्ड आणि मूर यांच्यासह आयझेनबर्ग यांनी हे चित्र आणखी स्पष्ट केलं. प्रत्येक पुंजक्याभोवती रबराचा एक पातळ थर जखडल्यासारखा होतो, त्याची हालचाल मंदावते. हे जखडलेले थर एकमेकांत मिसळले की काही नॅनोमीटर आकाराचा एक भाग तयार होतो, जो बाकी रबराच्या मानाने काचेसारखा ताठ असतो. लहान कोनातल्या क्ष-किरण विकिरणात या पुंजक्यांची खूण दिसते.

म्हणजे एकाच झुबक्याकडून दोन कामं होतात. तो अनेक साखळ्यांना एका जागी बांधतो, आणि ताठ असल्यामुळे फिलरच्या कणासारखाही वागतो. कार्बन ब्लॅकशिवाय मॉड्युलस आणि टेन्साइल दोन्ही एकदम का चढतात, याचं उत्तर यात आहे. हा फिलर बाहेरून आणून मिसळलेला नसतो. तो रबरातूनच उगवलेला असतो, म्हणून त्याचं वितरण कुठल्याही मिलवर होणाऱ्या मिसळण्यापेक्षा बारीक.

डायनॅमिक मेकॅनिकल चाचणीत हे डोळ्यांनी दिसतं. साध्या नायट्राइलच्या टॅन डेल्टाच्या आलेखात एकच शिखर असतं, काचरूप संक्रमणाचं, शून्याखाली. झिंकने क्युअर केलेल्या कार्बॉक्सिलयुक्त नायट्राइलमध्ये त्याशिवाय आणखी एक, रुंद शिखर येतं, साधारण ५० ते ८० अंशांच्या पट्ट्यात. या तापमानाला झुबक्यांतले जखडलेले थर मोकळे होतात. माझ्या विद्यार्थ्यांना मी हा आलेख सगळ्यात आधी दाखवतो. कारण पहिलं शिखर सांगतं हे रबर किती थंडीपर्यंत लवचीक राहील, आणि दुसरं सांगतं ते किती उष्णतेपर्यंत ताकदवान राहील. या दोन शिखरांमधली जागा म्हणजे या रबराचं खरं घर. इंजिनाजवळ १२० अंशांवर चालणाऱ्या सीलमध्ये नुसत्या आयनिक क्युअरिंगवर विसंबलं, तर तो सील त्या घराबाहेर काम करत असतो.

हीच गोष्ट क्रीप आणि कॉम्प्रेशन सेटची. दाबलेल्या रबरात आयनिक बंध सावकाश सुटतात आणि दाबलेल्या आकारातच नव्याने जुळतात. दाब काढल्यावर जाळं आपल्या मूळ आकाराकडे परत जाऊ पाहतं, पण नवे बंध त्याला धरून ठेवतात. ताणण्याच्या वेगानेही फरक पडतो. वेगाने ओढलं तर बंधांना सुटायला वेळ मिळत नाही, मॉड्युलस जास्त भरतो. हळू ओढलं तर तीच पट्टी मऊ वाटते. पाणीही यात ढवळाढवळ करतं. आयनिक पुंजके पाण्याला धरतात, आणि पाणी शिरलं की ते सैल होतात. म्हणून पावसाळ्यात दमट खोलीत ठेवलेल्या पट्टीची आणि डेसिकेटरमधल्या पट्टीची टेन्साइल वेगळी निघते. कुणी कार्बॉक्सिलयुक्त रबराची टेन्साइल एका आकड्यात सांगितली, तर मी आधी विचारतो : कोणत्या तापमानाला, किती वेगाने, आणि पट्टी किती कोरडी होती?

यावरचा उपाय बहुतेक कारखान्यांना ठाऊक आहे. आयनिक बंधांसोबत कायमचे बंधही घालायचे. गंधक आणि अॅक्सिलरेटर, किंवा ऑरगॅनिक पेरॉक्साइड, झिंकच्या जोडीला वापरायचं. कायमचे बंध आकार टिकवतात, सेट आणि क्रीप आटोक्यात ठेवतात. आयनिक बंध ताकद, फाटण्याला विरोध आणि घासण्याला विरोध देतात. प्रमाण कामावरून ठरतं. छापखान्याच्या किंवा कापड गिरणीच्या रोलरवर घर्षण महत्त्वाचं, तिथे आयनिक बंधांचा वाटा वाढवता येतो. ओ-रिंगला सेट महत्त्वाचा, तिथे तो कमी करावा लागतो. या बाबतीत मला पुस्तकी सूत्रांपेक्षा त्या त्या कारखान्यातल्या चाचण्यांवर जास्त विश्वास आहे.

कोणता बंध किती, हे मोजायची एक साधी पद्धत आहे, आणि ती महागड्या यंत्रांशिवाय होते. रबराचा तुकडा योग्य द्रावकात फुगवून त्याचं वजन घ्यायचं आणि १९४३ च्या फ्लोरी-रेनर समीकरणाने एकूण बंधांची दाटी काढायची. मग दुसरा तुकडा अशा द्रावकात फुगवायचा, ज्यात थोडं आम्ल किंवा अमोनिया आहे. आम्ल किंवा अमोनिया आयनिक बंध सोडवतं, कायमच्या बंधांना हात लावत नाही. दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे आयनिक बंधांचा वाटा. इन्फ्रारेड वर्णपटही साक्ष देतो. १७०० प्रति सेंटिमीटरजवळचं आम्लगटाचं शिखर बारीक होत जातं आणि १६०० ते १५४० च्या पट्ट्यात झिंक कार्बॉक्सिलेटचं शिखर वर येतं. क्रिया कुठवर आली ते यावरून वाचता येतं.

आता मिलवरच्या अडचणी. हे रबर रोलला चिकटतं, कारण आम्लगट धातूला धरतात. याच गुणामुळे ते धातूला आणि कापडाला चांगलं चिकटतं, हे विसरू नये. थोडं स्टिअरिक आम्ल आणि थंड रोल यांनी काम सोपं होतं. स्कॉर्चची अडचण जास्त गंभीर आहे. झिंक ऑक्साइड आणि आम्लगट यांची क्रिया क्युअरिंगच्या तापमानाची वाट पाहत बसत नाही. ती मिक्सिंगमध्येच सुरू होते, आणि कंपाउंड ठेवून दिलं तर खोलीच्या तापमानालाही हळूहळू चालू राहते, दमट हवेत अधिकच. म्हणून झिंक ऑक्साइड अगदी शेवटी, कमी तापमानाला, दुसऱ्या टप्प्यात घालतात. दुसरा उपाय म्हणजे झिंक ऑक्साइडऐवजी झिंक पेरॉक्साइड, तेही शक्यतो रबरात आधीच मिसळलेल्या मास्टरबॅचच्या रूपात. मिक्सिंगच्या तापमानाला ते बरंचसं स्वस्थ असतं, क्युअरिंगच्या तापमानाला आम्लगटांशी क्रिया करतं. माद्रिदमध्ये इबारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की झिंक पेरॉक्साइडमुळे आयनिक बंधांबरोबर कायमचे बंधही काही प्रमाणात येतात. एका रसायनात दोन कामं! पण साठवणीच्या सुरक्षिततेसाठी किंमत मोजावी लागते, आणि छोट्या कारखान्याला ती परवडते का, हा प्रश्न खरा आहे. माझं मत विचाराल तर, कंपाउंड त्याच आठवड्यात वापरणार असाल तर काळजीपूर्वक हाताळलेलं झिंक ऑक्साइड पुरतं.

भारतीय वाचकाने खरगपूरच्या आयआयटीतल्या रबर तंत्रज्ञान केंद्राचं काम आवर्जून वाचावं. एस. के. डे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून कार्बॉक्सिलयुक्त नायट्राइलवर पुष्कळ लिहिलं. त्यांतली एक कल्पना मला विशेष वाटते. कार्बॉक्सिलयुक्त नायट्राइल आणि इपॉक्सी गट असलेलं नैसर्गिक रबर एकत्र मिसळून नुसतं तापवलं, तर क्युअरिंगचं कुठलंही रसायन न घालता ती दोन रबरं एकमेकांना जोडतात. आम्लगट इपॉक्सी वलय उघडतो आणि एस्टरचा बंध तयार होतो. अशी मिश्रणं त्यांनी पीव्हीसी आणि क्लोरोप्रीनसोबतही करून पाहिली. क्युअरिंग एजंट हा वेगळा पदार्थ असायलाच हवा, या समजुतीला या कामाने धक्का दिला.

लेटेक्सबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण कार्बॉक्सिलयुक्त रबर सर्वसामान्य माणसाच्या हातात येतं ते याच रूपात. कागदाचा चकचकीत लेप, गालिच्याची पाठ, लिथियम-आयन बॅटरीच्या अॅनोडला धरून ठेवणारा बाइंडर, या सगळ्यांत कार्बॉक्सिलयुक्त स्टायरीन-ब्युटाडाइन लेटेक्स असतं. रायगड जिल्ह्यात तळोज्यालाही असं लेटेक्स बनतं. आणि दवाखान्यात डॉक्टरांच्या हातात दिसणारा निळा किंवा जांभळा हातमोजा असतो कार्बॉक्सिलयुक्त नायट्राइल लेटेक्सचा.

हे लेटेक्स बनवताना आम्लगट कुठे बसतात यावर बरंच अवलंबून असतं. पॉलिमरायझेशन आम्लधर्मी पाण्यात करावं लागतं, नाहीतर आम्लाचा मोनोमर लवण होऊन पाण्यातच राहतो, साखळीत येत नाही. म्हणून नेहमीचा फॅटी आम्लाचा साबण इथे चालत नाही, सल्फोनेट प्रकारचा लागतो. मेथॅक्रिलिक आम्ल तेलकट भागात जास्त जातं, अॅक्रिलिक आम्ल पाण्याच्या बाजूला जास्त राहतं, त्यामुळे कणाच्या पृष्ठभागावरची आम्लगटांची दाटी वेगवेगळी येते. पुढे कंपाउंड करताना पोटॅशियम हायड्रॉक्साइड किंवा अमोनियाने अल्कधर्मी केलं की पृष्ठभागावरचे गट भारित होतात, कण फुगतात, लेटेक्स दाट होतं. मोज्याच्या कारखान्यात पीएच अर्ध्या एककाने इकडेतिकडे झाला तरी ऑपरेटरला कळतं.

चिनीमातीचे हाताच्या आकाराचे साचे आधी कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात बुडतात, मग लेटेक्समध्ये. कॅल्शियमचे आयन कणांना साच्यावर गोठवतात, आणि ते स्वतःही काही आयनिक बंध बनवतात. नंतर पाण्याने धुणं, वाळवणं, क्युअर करणं. वाळताना कण एकमेकांत मिसळतात, पण त्यांची आम्लगटांनी समृद्ध कवचं पूर्ण विरघळत नाहीत. फिल्ममध्ये त्यांचं पोळ्यासारखं जाळं शिल्लक राहतं. झिंकचे आयन मुख्यत्वे या कवचांना एकमेकांशी शिवतात, गंधकाचे बंध कणांच्या आत साखळ्यांना जोडतात. मोजा कुठे फाटतो हे यावरून कळतं. फार वेळ घातलेला मोजा बोटांच्या बेचक्यात का फाटतो? कारण घामातलं पाणी, क्षार आणि आम्लं कवचांमधल्या झिंकच्या बंधांना सोडवतात, आणि बेचक्यात ताण सर्वांत जास्त असतो. उलट, अॅसिटोनमध्ये टाकल्यावर मोजा किती वेळ तग धरतो हे बघितलं तर आतल्या कायमच्या बंधांचा अंदाज येतो. दोन वेगळ्या चाचण्या, दोन वेगळ्या बंधांची परीक्षा.

हे मोजे १९९० च्या दशकात वेगाने पसरले, कारण नैसर्गिक लेटेक्समधल्या प्रथिनांमुळे अनेक परिचारिका आणि डॉक्टरांना गंभीर अॅलर्जी होऊ लागली होती. नायट्राइलमध्ये ती प्रथिनं नाहीत. पण थायुराम आणि डायथायोकार्बामेट जातीच्या अॅक्सिलरेटरमुळे त्वचेला खाज, चट्टे येण्याचा त्रास नायट्राइलनेही होऊ शकतो. मग प्रश्न आला, अॅक्सिलरेटर काढून टाकले तर मोजा टिकेल का? इथे कार्बॉक्सिल गटांचा मोठा आधार मिळतो. अॅक्सिलरेटरशिवायही झिंक आपलं काम करतं, आणि कायमच्या बंधांसाठी इपॉक्सीसारखे आम्लगटांशी जुळणारे दुवे वापरता येतात. तपासणीच्या नायट्राइल मोज्यासाठी एएसटीएम डी ६३१९ मानक किमान १४ मेगापास्कल टेन्साइल आणि ५०० टक्के लांबण मागतं, जुनवल्यानंतर ४०० टक्के. आयनिक बंधांच्या जोरावर हे आकडे कोरड्या मोज्यात गाठणं फार कठीण नाही. माझ्या मते खरी परीक्षा घामाने भिजलेल्या मोज्याची, चार तास हातात राहिल्यानंतरची, आणि ती मानकात नाही. ती असायला हवी असं मला ठामपणे वाटतं, कारण मोजा घालणारी परिचारिका कोरड्या प्रयोगशाळेत उभी नसते.

या रबराचं वागणं आयनांचे पुंजके आणि पाणी यांवर एवढं अवलंबून असल्यामुळे पुढच्या प्रकरणांचा क्रम नेहमीपेक्षा वेगळा ठेवला आहे. गंधकी व्हल्कनायझेशन, जे बहुतेक पुस्तकांत पहिलं येतं, ते इथे तिसऱ्या प्रकरणात आहे. पहिलं प्रकरण आयनांच्या पुंजक्यांवर आणि दुसरं पाण्यावर आहे. कंपाउंडच्या कृती शेवटच्या तीन प्रकरणांत आहेत, आणि प्रत्येक कृतीबरोबर घटक घालण्याचा क्रम, तो घालतानाचं रोलचं तापमान आणि शीट किती दिवसांत वापरावं हे दिलं आहे. यांत्रिक गुणधर्मांच्या तक्त्यांत टेन्साइल, मॉड्युलस आणि लांबण यांच्या शेजारी तीन जादा रकाने आहेत : चाचणीचं तापमान, ओढण्याचा वेग आणि पट्टी चाचणीआधी कोणत्या आर्द्रतेत किती वेळ ठेवली होती. हे रकाने रिकामे असलेला कुठलाही आकडा, मग तो कितीही मोठ्या नावाच्या लेखातून आलेला असो, मी या तक्त्यांत घेतलेला नाही.